पानिपतात सदाशिवरावभाऊ नेमके कसे गेले? धड सापडलं, शीर सापडलं, तरी पंधरा वर्षं शंका का राहिली

आठवडी बाजारात माणसाला माणूस खेटू लागला की भाऊगर्दी झाली असं सहज तोंडातून जातं. हा शब्द पानिपतातून आला असं मानतात. भाऊ म्हणजे सदाशिवरावभाऊ पेशवे, आणि गर्दी म्हणजे १४ जानेवारी १७६१ रोजी पानिपतच्या मैदानावर उसळलेली ती हातघाईची लढाई. त्या गर्दीत भाऊ घोडा घालून शिरले आणि पुन्हा कुणाला दिसले नाहीत. मराठ्यांचा एवढा मोठा सेनापती पडला, पण तो पडताना आपल्या बाजूच्या एकाही माणसाने पाहिलं नाही. पुढची सगळी भानगड त्यातून झाली.

जालना जिल्ह्याचा या गोष्टीशी जवळचा संबंध आहे. उत्तरेत कोणी जायचं, याचा निर्णय १७६० च्या मार्च महिन्यात परतूरच्या मुक्कामी झाला. नानासाहेब पेशवे, भाऊ, राघोबादादा, सगळे तिथे जमले होते. भाऊंची फौज उत्तरेकडे निघाली ती परतूरहूनच.

दहा वर्षांचा पोरका मुलगा

भाऊंचा जन्म ऑगस्ट १७३० चा, सासवडचा. वडील चिमाजीअप्पा, म्हणजे थोरल्या बाजीरावांचे धाकटे भाऊ, ज्यांनी १७३९ मध्ये पोर्तुगीजांकडून वसई घेतली. आई रखमाबाई बाळंतपणानंतर महिन्याभरातच गेल्या. १७४० साली एप्रिलमध्ये बाजीराव गेले आणि डिसेंबरात चिमाजीअप्पाही गेले. दहा वर्षांच्या पोराला आजी राधाबाईंनी आणि काकू काशीबाईंनी वाढवलं. चुलतभाऊ नानासाहेब पेशवे झाले. भाऊ त्यांच्या हाताखाली तयार झाले.

वयाच्या सोळाव्या-सतराव्या वर्षी कर्नाटकच्या स्वारीवर त्यांची रवानगी झाली. सोबतीला महादोबा पुरंदरे आणि सखारामबापू होते. पण भाऊंचं खरं डोकं चाललं ते हिशेबात. पेशव्यांच्या डोक्यावर कर्जाचा डोंगर होता. सरदार वसुली करत, पण पुण्यात पैसा किती पोचायचा याला धरबंध नव्हता. १७५० नंतर कारभार हाती आल्यावर भाऊंनी एकेकाकडून हिशेब मागायला सुरुवात केली. असा माणूस दरबारात कुणाला आवडणार? भाऊ तापट होते, बोलायला फटकळ होते, हे त्यांचं कौतुक करणारेही नाकारत नाहीत. गावात सोसायटीचा हिशेब काटेकोर मागणाऱ्याच्या वाट्याला जे येतं, तेच त्यांच्या वाट्याला आलं.

शरीराने मात्र माणूस दणकट. रोज सूर्यनमस्कार घालण्याचा नेम, तोही शेकड्यांनी. ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे. पुढे तिचा उपयोग फार वेगळ्या कामाला झाला.

आणखी एक गोष्ट लक्षात ठेवायला हवी. १७५९ मध्ये मुजफ्फरखान नावाच्या गारदी सरदाराच्या कटातून भाऊंवर पुण्यात मारेकरी घातला गेला. वार पाठीवर बसला. भाऊ वाचले, जखम भरली, वण राहिला.

उदगीर ते पानिपत

फेब्रुवारी १७६० मध्ये भाऊंनी उदगीरला निजामाला गाठलं आणि असा कोंडला की त्याला दौलताबाद, असीरगड, बऱ्हाणपूर, विजापूर ही ठाणी आणि साठेक लाखांचा मुलूख सोडावा लागला. इब्राहिमखान गारदीच्या तोफा या लढाईत फार कामाला आल्या. निजामासारखा शेजारी नमवला, तेही तिशीच्या आत. भाऊंचं नाव गाजलं.

नेमकी त्याच सुमारास उत्तरेची वाईट बातमी आली. १० जानेवारी १७६० रोजी दिल्लीजवळ बुराडी घाटावर दत्ताजी शिंदे पडले होते. अहमदशाह अब्दाली दिल्लीत उतरला होता. राघोबादादा आधीच्या स्वारीत कर्ज करून परतलेले. तेव्हा परतूरला ठरलं की जायचं ते भाऊंनी. नावाला मुख्य म्हणून नानासाहेबांचा थोरला मुलगा विश्वासराव सोबत दिला. पोराचं वय अठरा.

दिल्ली ऑगस्टच्या सुरुवातीला हाती आली, पण खजिना रिकामा. शिपायांचे पगार भागवायला लाल किल्ल्यातल्या दिवाण-इ-खासचं चांदीचं छत उतरवून त्याचे रुपये पाडावे लागले. ऑक्टोबरात भाऊंनी कुंजपुरा मारला. तिथे अब्दालीची रसद होती, ती मिळाली. पण त्यानंतर आठवडाभरातच अब्दाली बागपतजवळ यमुना ओलांडून अलीकडे आला आणि भाऊ व दिल्ली यांच्या मध्ये येऊन बसला. आपल्या शिवारात जायची वाटच दुसऱ्याने नांगरून टाकावी तसं झालं. दक्षिणेकडची वाट बंद. पानिपतला खंदक खणून तळ पडला, तो अडीच महिने तिथेच अडकला.

तळावर फक्त शिपाई नव्हते. बायका होत्या, मुलं होती, यात्रेला म्हणून सोबत निघालेले लोक होते, बाजारबुणगे होते. एवढ्या तोंडांना दाणा कुठून आणायचा? ७ डिसेंबरच्या चकमकीत बळवंतराव मेहेंदळे पडले. रसद आणणारे आणि शत्रूची रसद तोडणारे गोविंदपंत बुंदेले त्याच महिन्यात मारले गेले. जानेवारी उजाडला तेव्हा जनावरं चाऱ्यावाचून मरत होती, माणसं झाडपाला खात होती. उपाशी मरण्यापेक्षा लढून मरू, असं सरदारांनी आणि शिपायांनीच भाऊंच्या डेऱ्यावर येऊन सांगितलं. लढाईचा दिवस भाऊंनी निवडला असं म्हणतात. खरं तर तो भुकेने निवडला.

त्या दुपारी काय झालं

१४ जानेवारीला, म्हणजे हल्ली ज्या तारखेला संक्रांत येते त्या तारखेला, सकाळी मराठे खंदकाबाहेर पडले. डाव्या अंगाला इब्राहिमखानाच्या पलटणींनी रोहिल्यांची दाणादाण उडवली. मधोमध भाऊंची हुजुरात अब्दालीचा वजीर शाह वलीखान याच्यावर तुटून पडली आणि त्याची फळी मागे रेटली. दुपारपर्यंत पारडं मराठ्यांकडे झुकलेलं होतं. पोटात अन्न नसलेल्या माणसांनी आणि घोड्यांनी एवढं केलं, ही गोष्ट पानिपताचा नुसता पराभव सांगताना विसरली जाते.

दुपार कलली. अब्दालीने राखून ठेवलेली ताजी फौज पुढे घातली, पळून तळाकडे गेलेल्यांना हाकलून पुन्हा मैदानात आणलं. उंटांवरच्या छोट्या तोफा मराठ्यांवर आग ओकू लागल्या. त्यातच विश्वासरावांना गोळी लागली आणि ते गेले.

इथून पुढे मराठी बाजूचं सगळं धूसर आहे. पुतण्याचा देह हत्तीवर ठेवायला सांगून भाऊ हत्तीवरून उतरले आणि घोड्यावर बसले. लांबून पाहणाऱ्यांना अंबारीत भाऊ दिसेनात, तेव्हा तेही पडले असं समजून फौजेचे पाय सुटले, असं सांगतात. काही जणांनी मागे फिरण्याची विनंती केली, भाऊंनी ती ऐकली नाही. ते गर्दीत शिरले. धूळ, धूर, कल्लोळ. बस्स.

नाना फडणीस त्या दिवशी भाऊंच्या जवळपास होते. वय अठरा पूर्ण, एकोणिसावं संपायच्या बेतात. पुढे त्यांनी आपली हकीकत लिहून ठेवली. पण भाऊ शेवटी कसे पडले, हे त्यांनाही सांगता आलं नाही, कारण त्यांनी ते पाहिलं नव्हतं. बखरींतही भाऊ गर्दीत नाहीसे होतात. जे भाऊंच्या अगदी जवळ होते ते तिथेच मेले आणि जे वाचले ते तेव्हा जवळ नव्हते.

शत्रूच्या गोटातला मराठी माणूस

मग भाऊंच्या शेवटाची जी काही माहिती आहे, ती आली कुठून? दुसऱ्या बाजूकडून. अयोध्येचा नवाब शुजाउद्दौला अब्दालीच्या बाजूने लढत होता. त्याच्या चाकरीत काशीराज नावाचे दक्षिणी पंडित होते. तडजोडीची बोलणी चालली तेव्हा भाऊंचे निरोप त्यांच्यामार्फत जात. लढाईच्या दिवशी पहाटे भाऊंची शेवटची चिठ्ठी आली तीही त्यांच्याकडेच. या काशीराजांनी पुढे सुमारे वीस वर्षांनी फारसीत सगळी हकीकत लिहिली.

ती हकीकत अशी. लढाई संपल्यावर शुजाने पडलेल्या मोठ्या माणसांचे देह शोधायला माणसं पाठवली. विश्वासरावांचा देह सापडला. काही अफगाण शिपायांना तो पेंढा भरून काबूलला न्यायचा होता, शुजाने मध्ये पडून ते थांबवलं. भाऊंचा शोध मात्र लागेना. अखेर प्रेतांच्या एका ढिगाखाली एक धड मिळालं. शीर नव्हतं. जवळ काही मोती सापडले, साध्या शिपायाकडे असतील असे ते नव्हते. शुजाच्या छावणीत मराठ्यांचे वकील होते, त्यांना बोलावलं. त्यांनी खुणा तपासल्या. मांडीवर काळा डाग. पायाला शुभ मानल्या जाणाऱ्या रेषा. पाठीवर जुन्या वाराचा वण, तोच, मुजफ्फरखानाच्या कटातला. आणि रोज शेकड्यांनी नमस्कार घालणाऱ्याच्या गुडघ्यांवर आणि हातांवर जे घट्टे पडतात, ते घट्टे. वकील रडू लागले. हे भाऊच, असं त्यांनी सांगितलं.

शीर दुसऱ्या दिवशी मिळालं. एका दुर्राणी स्वाराने ते लपवून ठेवलं होतं. आधी तो कानावर हात ठेवत होता, पण अखेर त्याला ते पुढे करावं लागलं. ते ओळखलं गेलं आणि त्याला अग्नी दिला. त्या स्वाराने जे सांगितलं ते भाऊंच्या शेवटाचं एकमेव वर्णन. अंगावर दागिने असलेला एक देखणा, धिप्पाड माणूस जखमी झाला होता. त्याचा घोडा पडला होता. हातातल्या भाल्याचा आधार घेत तो पायी चालला होता. चार-पाच स्वारांनी त्याला घेरलं आणि तू भाऊ की विश्वासराव, असं विचारलं. तो काहीच बोलला नाही. उलट अंगावर आलेल्यांना त्याने जखमी केलं. मग त्यांनी त्याला मारलं आणि शीर कापून नेलं.

हे सगळं खरं मानायचं का? इतिहासकारांपैकी बहुतेकांनी भाऊ पानिपतातच पडले हे मान्य केलं आहे, आणि तेच पटतं. पाठीवरचा वण आणि नमस्कारांचे घट्टे अशा खुणा सांगोवांगी तयार होत नाहीत. पुन्हा शुजाच्या छावणीतल्या मराठी वकिलांना खोटं बोलून काही मिळण्यासारखं नव्हतं. कच्चा दुवा आहे तो शेवटच्या भागाचा. मारणारा स्वार दागिन्यांचा लोभी. पकडला गेल्यावर बोलणारा. शिवाय त्याचं बोलणं कागदावर आलं ते खूप वर्षांनी. त्यामुळे भाऊ मेले हे जवळजवळ नक्की, पण भाल्याच्या आधाराने चालणारा, नाव न सांगणारा भाऊ हा एका मारेकऱ्याच्या जबानीवर उभा आहे.

पुण्यात कुणाला पटेना

नानासाहेब स्वतः मदतीला उत्तरेकडे निघाले होते. वाटेतच जानेवारीच्या अखेरीस त्यांना बातमी कळली ती एका सावकारी पत्रातून. मोती किती विरघळले, मोहरा किती हरवल्या, खुर्दा किती गेला त्याची गणती नाही, अशा सांकेतिक भाषेत. दोन मोती म्हणजे भाऊ आणि विश्वासराव, हे त्यांना कळलं. तब्येत आधीच ढासळलेली. २३ जून १७६१ रोजी पर्वतीवर नानासाहेबांनी प्राण सोडला.

भाऊंच्या पत्नी पार्वतीबाई पानिपतावर होत्या. त्या रात्रीच्या पळापळीतून काही इमानी माणसांनी त्यांना कसंबसं बाहेर काढलं आणि त्या पुण्याला पोचल्या. त्यांनी कुंकू पुसलं नाही. नवऱ्याचं प्रेत पाहिलं नाही, त्याला पडताना पाहिलेला आपला माणूस भेटला नाही, दूर कुठेतरी परक्यांनी धड वेगळं आणि शीर वेगळं जाळलं एवढंच कानावर आलेलं. एवढ्यावर विधवापण घ्यायचं का? त्यांनी घेतलं नाही, आणि घरच्यांनी लादलंही नाही. त्या काळातल्या ब्राह्मण घराण्यात ही लहान गोष्ट नव्हती. विहिरीत बुडालेल्याचा, पुरात वाहून गेलेल्याचा देह मिळाला नाही की घर अनेक वर्षं उंबऱ्याकडे बघत राहतं, हे खेडोपाडी कुणाला सांगायला नको.

पार्वतीबाईंची आशा त्यांच्यापुरती होती. पण तीच आशा गावोगाव पसरलेली होती आणि तिच्यावर डोळा ठेवणारेही होते.

तोतया

पानिपतानंतर काही वर्षांतच बुंदेलखंडाकडचा सुखनिधान नावाचा एक कनोजी ब्राह्मण मीच भाऊ म्हणून पुढे आला. चेहरामोहरा थोडाफार मिळता होता म्हणतात. माधवराव पेशव्यांनी त्याला पकडलं, चौकशी केली. त्याने आपण भाऊ नसल्याचं कबूल केलं. माधवरावांनी त्याला मारलं नाही, कैदेत ठेवलं. शेवटी तो रत्नागिरीच्या किल्ल्यात येऊन पडला.

पुढे माधवराव गेले. १७७३ मध्ये नारायणरावांचा खून झाला. गादीवर तान्हं पोर, कारभार नाना फडणिसांच्या हाती, राघोबादादा इंग्रजांच्या आश्रयाला. अशा घाईगर्दीत १७७६ साली रत्नागिरीचा अंमलदार रामचंद्र परांजपे यानेच त्या कैद्याला सोडलं आणि हे खरे भाऊसाहेब आहेत म्हणून जाहीर केलं. कोकण पेटलं. किल्ल्यामागून किल्ला तोतयाकडे जाऊ लागला, हजारो लोक त्याच्याभोवती जमले. बोरघाट चढून तो वर आला. पुण्यात धाबं दणाणलं.

लोक इतके कसे फसले, असं आज वाटेल. पण त्यांच्या बाजूने पाहा. भाऊ मेले हे पाहिलेलं कुणी नाही. बायको कुंकू लावते. म्हणजे घरातूनच काही कळलं असेल, असं माणसाला वाटणार. त्यात कारभाऱ्यांवर नाराज असलेले अंमलदार, इंग्रजांचा टपून बसलेला मुंबईचा कौन्सिल, आणि खरा धनी परत आला तर बरं होईल अशी सामान्य रयतेची इच्छा. खोटं टिकायला एवढं पुष्कळ होतं.

महादजी शिंदे आणि भिवराव पानसे यांनी तोतयाच्या जमावाला उधळून लावलं. महादजी स्वतः पानिपतातून पायाला कायमची जखम घेऊन परतलेले, त्यांना भाऊंचा चेहरा कुणी शिकवायची गरज नव्हती. तोतया समुद्रमार्गे मुंबईकडे निसटत असताना रघूजी आंग्र्यांनी त्याला धरलं. पुण्यात पंचांपुढे पुन्हा सगळी चौकशी झाली. ज्या नानांनी पानिपतावर भाऊंना गर्दीत दिसेनासं होताना अनुभवलं होतं, त्यांच्याच कारभारात भाऊ म्हणवणाऱ्याचा निवाडा झाला. १८ डिसेंबर १७७६ रोजी त्याला देहदंड दिला. त्याला साथ देणाऱ्यांनाही शिक्षा झाल्या. या प्रकरणावर न. चिं. केळकरांनी पुढे तोतयाचे बंड हे नाटक लिहिलं, आणि तोतया हा शब्द मराठीत कायमचा भाऊंच्या नावाला चिकटला.

तोतया मेला तरी शंका पूर्ण मेली नाही. हरियाणात रोहतक जिल्ह्यातल्या सांघी गावात आजही सांगितलं जातं की जखमी भाऊ पानिपतातून तिथवर आले आणि नाथपंथी साधू होऊन राहिले. या कथेला कागदाचा आधार नाही. काशीराजांच्या खुणांपुढे ती टिकत नाही. पण त्या भागातले लोक भाऊंचं नाव अजून आदराने घेतात, एवढं मात्र खरं. पानिपतला काला अंब इथे स्मारक आहे, तिथे दरवर्षी १४ जानेवारीला महाराष्ट्रातूनही लोक जातात.

भाऊंना मूल वाचलं नव्हतं. त्यांची गादी नाही, वंश नाही, समाधीची जागाही खात्रीने दाखवता येत नाही. पार्वतीबाईंनी शेवटपर्यंत कपाळावरचं कुंकू ठेवलं. परतूरहून निघालेल्या त्या फौजेबरोबर गेलेल्या कितीतरी घरांतल्या बायकांचंही असंच झालं असणार. त्यांची नावं मात्र कुठल्याच कागदात नाहीत.